खालच्या बागेचा कौल

“मान वर करू नका, जावईबापू, डोळ्यांत कचरा पडेल,” असे अप्पा म्हणाले, आणि अर्थातच मी मान वर केली.

चाळीस हात उंचीवर, पोफळीच्या शेंड्याला बिलगून रामा पाडेली सुपारीचे घोस कापत होता. एका झाडावरचे काम आटोपले म्हणून तो खाली उतरत नसे. शेंड्याला धरून झाड मागेपुढे झुलवी आणि शेजारची पोफळ हाताच्या टप्प्यात आली की पहिली सोडून दुसरीला मिठी मारी. मधल्या एका क्षणी तो कोणत्याच झाडाचा नसे. त्या क्षणी मी डोळे मिटून घेतले.

“अहो, पडेल तो!”

“बेचाळीस वर्षं पडला नाही. ही पोफळ पाहिलीत? आमच्या उमेच्या जन्माच्या साली लावलेली. आणि ही तिच्या शेजारची...”

“अप्पा, दामूशेटच्या हुकूमनाम्याविषयी बोलायचं होतं.”

“ही तिच्या शेजारची जरा खोडकर आहे. दर वर्षाआड धरते.”

मी सव्वीस वर्षांचा होतो. वकिलीची सनद मिळून आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत मला पाच पक्षकार मिळाले होते. पैकी दोघे नात्यातले. अप्पा म्हणजे माझे सासरे अंताजीपंत घैसास, मौजे मुरवण्याचे खोत. सुपारीच्या दोन बागा, एक घराजवळची वरची आणि दुसरी समुद्राकडची खालची, आणि या दोन्हींवर मिळून दामूशेटचे एकवीसशे पन्नास रुपयांचे कर्ज. मुन्सफ कोर्टाचा निकाल झाला होता. दिवाळीच्या पाडव्यानंतर नवव्या दिवशी रक्कम भरली नाही, तर दोन्ही बागा आणि राहते घर लिलावात जायचे होते. मधे पंधरा दिवस होते. हे सगळे माझ्या बगलेतल्या दप्तरात शिस्तीने बांधलेले होते आणि अप्पा मला गेली दोन घटका झाडांची ओळख करून देत होते.

“दोन हजार देतंय, खोतांनू!” वरून आवाज आला. “खालच्या बागेचे. रोख. वरची तुमची तुमाला ऱ्हाईल.”

मी थक्क होऊन वर पाहिले. अप्पांनी वर पाहिले नाही. त्यांनी वाकून पाटातले एक पान उचलले आणि पाण्याला वाट करून दिली.

“अप्पा, ऐकलंत का? रामा दोन हजार म्हणतोय.”

“कुठे? मला वारा ऐकू आला.”

तेव्हा मला मुरवण्यातला तो जुना संकेत ठाऊक नव्हता. तो पुढे माझ्या बायकोने, उमेने सांगितला. झाडावरच्या माणसाचे बोलणे जमिनीवरच्याने मनावर घ्यायचे नाही, असा तो संकेत. एवढ्या उंचीवर जीव मुठीत धरून काम करणाऱ्याच्या तोंडून काही वेडेवाकडे निघाले तर ते वाऱ्यावर सोडून द्यावे. म्हणजे झाडावरून काहीही बोलता येई. गेली बेचाळीस वर्षे रामा खोतांना जे जे सांगायचे ते शेंड्यावरूनच सांगत आला होता. मजुरी थोडी पडते, बैलाला विश्रांती हवी, धाकटे खोत सुपाऱ्या परस्पर विकतात. अप्पांना यातले काहीच ऐकू येत नसे. मात्र आठवड्याभरात मजुरी वाढे आणि बैल गोठ्यात उभा दिसे.

“त्याच्याकडे दोन हजार आले कुठून?” मी हळूच विचारले.

“थोरला मुलगा मुंबईला बोटीवर तांडेल आहे. धाकटाही त्याच्या हाताखाली लागलाय. खातात काय देव जाणे, सगळं बापाकडे पाठवतात.”

“मग झालं तर! उरलेले दीडशे मी दिवाळीपर्यंत उभे करतो. घर राहील, वरची बाग राहील. याहून चांगला तोडगा कोर्टातसुद्धा...”

“जावईबापू.” अप्पा थांबले. त्यांचा चेहरा गोल आणि हसरा होता. गंभीर झाला की तो कुणीतरी उसना आणल्यासारखा दिसे. “खोतानं आपल्या पाडेल्याला बाग विकली, असं या गावात झालेलं नाही.”

“लिलावात सगळंच गेलं तर ते झालेलं आहे का?”

“लिलाव म्हणजे वीज पडण्यासारखं. लोक हळहळतात, भेटायला येतात. विक्री म्हणजे मी.”

वरून एक घोस धप्पदिशी आमच्यापासून दोन हातांवर पडला. तो तिथेच पडायचा होता की कसे, हे मी रामाला कधी विचारले नाही.

दुपारी जेवणाच्या पंक्तीला अप्पा आणि मी दोघेच होतो. वाढायला उमा होती. अप्पांच्या थोरल्या भगिनी दुर्गाआत्या दाराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्या एकविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या आणि तेव्हापासून या घरात त्यांच्या जिभेचे राज्य होते. त्यांना घरात कोणी भीत नसे, असे अप्पा म्हणत. पण हे त्या समोर नसताना म्हणत.

मी जेवतानाही दप्तर शेजारी ठेवले होते. हाताचा विटाळ कागदांना होऊ नये म्हणून डाव्या हाताने ते चाळत होतो.

“एवढं काय शोधता, जावईबापू?” आत्यांनी विचारले. “आमटीत पडलंय का काही?”

“कर्ज झालं कसं ते पाहतोय, आत्याबाई. एक सहाशेंचा रोखा धाकट्या काकांना जामीन राहिल्याचा आहे. तो समजला. पण हा आठशेंचा... वैशाख शुद्ध तृतीया, चार वर्षांपूर्वीचा. याला काही कारण लिहिलेलं नाही.”

उमेच्या हातातली पळी वरणात थांबली. अप्पांनी भाताचे आळे करायला घेतले आणि ते बराच वेळ करत राहिले.

“तृतीयेनंतर सप्तमी येते,” आत्या म्हणाल्या. “त्या सप्तमीला काय होतं, आठवतंय का?”

मी विचार केला. मग मला आठवले, आणि माझे कान गरम झाले. “माझं लग्न.”

“आठवलं म्हणायचं! तुमच्या वडिलांनी सातशे मोजून घेतले. मुलाला वकिलीच्या परीक्षेला बसायचंय म्हणाले. राहिलेल्या शंभरात तुमच्याकडचं वऱ्हाड तीन दिवस जेवलं. तुमचे ते हर्णैचे काका; एकट्यानं एकवीस जिलब्या! मी मोजत होते.”

“म्हणजे माझी सनद...”

“दामूशेटची. तुम्ही आपली वापरताय तोवर वापरा.”

“अक्का, पुरे,” अप्पा म्हणाले. “जावई जेवतोय.”

“जेवू दे की. मी काय ताट ओढतेय? अंतू, तूच सांग, वकील घरात आणायला कर्ज काढलंस, आता कर्ज फेडायला वकील बोलावलास. हा हिशेब एकदा तरी बरोबर सुटू दे.”

मी ताक भुरकत होतो. आतापर्यंत मी या घराचा वैद्य होतो. एका घासात रोग्यांच्या रांगेत येऊन बसलो. खालची बाग विकलीच पाहिजे, हे मी सकाळी कायद्याने म्हणत होतो. दुपारपासून ते मला झोप लागावी म्हणून हवे होते.

हात धुतल्यावर अप्पांनी निर्णय जाहीर केला. निर्णय न घेण्याचा तो निर्णय होता. “परवा मंगळवार आहे. वाघजाईला कौल लावू. देवीनं उजवा दिला, तर रामाला बाग देऊ. मग गावाला बोलायला तोंड नाही. डावा दिला, तर लिलाव होऊ दे.”

मुरवण्यात कौल म्हणजे असे. गुरव देवीच्या पाषाणावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो. एक उजव्या बाजूला, एक डाव्या बाजूला. मग गाऱ्हाणे घालतो. उजवी आधी गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार. पेरणी, सोयरीक, विहीर, भांडण; वाघजाईला विचारल्यावाचून गावात काही होत नसे.

मी दीड वर्षापूर्वी पुण्यात विद्यार्थ्यांच्या एका मंडळापुढे याच विषयावर निबंध वाचला होता. तो पाऊण तास चालला. ओल्या पाकळीचे वजन, दगडाचा खडबडीतपणा आणि हवेतला दमटपणा यांच्याशी ईश्वरी इच्छेचा काही संबंध नाही, असे मी सप्रमाण सिद्ध केले होते आणि टाळ्याही पडल्या होत्या.

“अहो,” संध्याकाळी विहिरीपाशी उमा म्हणाली, “तो निबंध आणलाय का बरोबर?”

“का?”

“मंगळवारी देवीपुढे वाचा. तिला कुणीतरी समजावून सांगायला हवं.”

“तुला हसू येतंय. घर जाईल, ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे.” तिचे हसू गेले. तिने घागर कडेवर घेतली. “अप्पांना बाग विकायची नाही असं तुम्हाला वाटतं का हो?”

“त्यांनीच सांगितलं.”

“हं,” असे म्हणून ती निघून गेली. या ‘हं’चा अर्थ मी विचारायला हवा होता. पण माझ्या डोक्यात दुसरेच काही शिजत होते आणि ते तिला कळू नये अशी माझी इच्छा होती.

सोमवारी संध्याकाळी धाकू गुरव देवळाच्या पायरीवर बसून केळीच्या सोपटात फुले ओवत होता. साठीचा, बारीक, अर्धवट मिटल्या डोळ्यांचा माणूस. मी त्याच्या शेजारी बसलो आणि ओल्या पाकळीचे वजन आणि दगडाचा खडबडीतपणा यांवर बोलू लागलो. पाकळी कमी भिजवली तर ती लवकर सुटते, नाही का? आणि एखादी अगदी हलक्या हाताने टेकवली तर?

“तुमी ह्या इषयावर लई इचार केलाय,” धाकू म्हणाला.

“थोडासा. हे बघ धाकू, मंगळवारी उजवा आला तर सगळ्यांचंच भलं आहे.”

“सगळ्यांचं भलं देवीच बगते.”

मी खिशातून रुपया काढून पायरीवर ठेवला. धाकूने त्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

“वकीलसायेब, ह्याला कायद्यात काय म्हनत्यात?”

“दक्षिणा,” मी म्हणालो.

“मग ठीक हाय.” त्याने रुपया कनवटीला लावला. “बगतो. मी काय, फुलं लावनारा.”

परतताना मला देवळाच्या वाटेवर दुर्गाआत्या भेटल्या. उन्हे उतरल्यावर त्या कधी बाहेर पडत नसत. “वारा खायला निघाले,” असे त्या न विचारता म्हणाल्या. मीही न विचारता तेच सांगितले.

मंगळवारी सकाळी वाघजाईच्या देवळात चाळीसेक माणसे जमली. अप्पा धूतवस्त्र नेसून पुढे उभे होते, मी त्यांच्यामागे. आत्या आणि उमा खांबाजवळ. रामा देवळाच्या अंगणात, उन्हात, हात जोडून उभा होता. जमिनीवर तो फार लहानसर दिसे. त्याचे पाय पोफळीला वेढे घालून घालून आत वळले होते आणि सरळ वाटेवर तो पाहुण्यासारखा चाले.

धाकूने दोन पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले. “बाय माजे वाघजाई, खोत इचारतायत, खालची बाग रामाला द्यायची तर उजवा दे, नाय द्यायची तर डावा दे, कुनाला अंधारात ठेवू नको...”

मी निश्चिंत होतो. एका बाजूला शास्त्र होते, दुसऱ्या बाजूला रुपया. तरीही थोड्या वेळाने माझ्या तळहाताला घाम आला. पाकळ्या हलेनात. मला वाटले, उजवी थोडी ओघळली आहे. अप्पांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. आत्यांची जपमाळ बोटांत थांबली होती. बाहेर एक कावळा ओरडला आणि डावी पाकळी अलगद सुटून देवीच्या पायाशी पडली.



“धाकू,” अप्पांचा आवाज चिरका झाला होता, “पाकळ्या नीट भिजवल्या होत्यास?”

“व्हय.”

“दोन्ही?” हे आत्यांनी विचारले.

“दोनीबी.”

“सारख्याच?” हे मी विचारले.

“सारख्याच,” धाकू म्हणाला. त्याने आम्हा तिघांकडे आळीपाळीने, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी पाहिले.

अंगणात रामाने जमिनीला डोके टेकवले आणि तो निघून गेला. माणसे पांगली. अप्पा मात्र गाभाऱ्यासमोर उभेच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटकेचा भाव दिसेल, असे मला वाटले होते. कौल त्यांच्या मनासारखा लागला होता. पण भर बाजारात हातातली पिशवी मारली गेलेल्या माणसासारखे ते देवीकडे पाहत होते.

“अक्का,” ते शेवटी म्हणाले, “मी विकतो.”

“अंतू! डावा पडलाय.”

“पडू दे. आता लिलाव झाला तर ती वीज नव्हे. तेही मीच.” मग माझ्याकडे वळून, “जावईबापू, रामाला सांगून या.”

मी जवळजवळ धावतच बागेत गेलो. रामा शेंड्यावर होता.

“रामा, खाली ये! खोत बाग द्यायला तयार आहेत.”

“नाय,” वरून उत्तर आले.

“नाही म्हणजे?”

“घ्यायची नाय.”

“झाडावरचं बोलणं मी मनावर घेत नाही,” मी म्हणालो. नुकताच शिकलेला कायदा वापरायची मला घाई झाली होती.

रामा सावकाश उतरला. दोन्ही पाय जमिनीवर ठेवले, पायांतली दोरी सोडली आणि माझ्यासमोर ताठ उभा राहिला. “घ्यायची नाय,” तो म्हणाला. “आता घ्या मनावर.”

“पण का?”

“देवीनं डावा दिला. माजे दोन पोरगे पान्यावर असतात. डाव्या कौलाची बाग घेऊन मी त्यांच्या बोटीखाली भोक पाडू?”

यावर माझा पाऊण तासाचा निबंध तयार होता. त्यातले एकही वाक्य त्या माणसाकडे पाहून मला उच्चारता आले नाही.

आता परिस्थिती अशी होती की, विकणारा तयार होता, पैसे तयार होते, आणि ज्या देवीच्या आडोशाने व्यवहार सुखरूप व्हायचा तिनेच वाट अडवली होती. अप्पा दोन दिवस बागेकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पगडी घातली, काठी घेतली आणि विचारले, “भंडारवाडीला वाट कुठून जाते?”

बेचाळीस वर्षांत ते रामाच्या वस्तीकडे गेले नव्हते. मी दप्तर घेऊन मागे निघालो. थोड्या अंतरावरून दुर्गाआत्याही येऊ लागल्या.

“अक्का, तू कुठे?”

“माझे पाय आहेत. कुठेही जातील.”

रामाचे घर लहान आणि सारवलेले होते. आम्हाला पाहून त्याची तारांबळ उडाली. बायको रखमाने धावत जाऊन चटई आणली, पडवीत अंथरली आणि आत जाऊन दाराआड उभी राहिली. अप्पा अंगणातच उभे राहिले.

“राम्या, बाग घे.”

“खोतांनू, तुमी सांगितलं तर मी समुद्रात उडी घेईन. पन देवीच्या...”

“ऐक आधी. देवी तुझ्यावर कोपलेली नाही. माझ्यावर कोपलीय.” अप्पांनी काठी दोन्ही हातांत धरली. “मी रविवारी धाकूला रुपया दिला होता. उजवा लाव म्हणून.”

मी दप्तर सांभाळले नसते तर ते पडले असते. “तुम्ही? उजवा? अहो, मग तुम्हाला विकायची होती तर तोंडानं...”

“तोंडानं म्हणवत नव्हतं, म्हणून तर तिला म्हणायला लावत होतो!” अप्पा माझ्यावर ओरडले. असे ते आयुष्यात एकदाच ओरडले. मग पुन्हा रामाकडे वळले. “बेचाळीस वर्षं तू त्या बागेत आहेस. तुला द्यावी हे मला केव्हाच पटलं होतं. गावापुढे बोलायची छाती झाली नाही. मी देवीला लाच दिली आणि ती रागावली. यात तुझा काय दोष?”

मला वाटले, यावेळी गप्प राहणे हलकटपणाचे होईल.

“मीसुद्धा दिला,” मी म्हणालो. “एक रुपया. सोमवारी.”

“तुम्ही!” अप्पा उद्गारले. “पुण्यात त्या कुठल्या मंडळापुढे...”

“हो. त्याच मंडळापुढे.”

“आणि माझ्याकडे बघू नका कुणी,” मागून आत्यांचा आवाज आला. “मी बारा आणेच दिले.”

रामाच्या छातीतून एक विचित्र आवाज निघाला. त्याला ठसका लागला असे मला वाटले, पण तो हसत होता; डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पडवीच्या खांबाला धरून हसत होता.

“काय झालं रे?” अप्पांनी विचारले.

“मी कोंबडा कबूल केलाय, खोतांनू! धाकूला. उजवा लाव म्हनून!”

“कोंबडा?” आत्या म्हणाल्या. “म्हणजे सगळ्यांत मोठी लाच याची.”

“आनि तो खुळ्याचा धाकू,” रामा डोळे पुसत म्हणाला, “त्यानं कुनाचंच केलं नाय. सारख्याच लावल्यान्!”

“खुळा कशाला?” दाराआडून रखमा बोलली. तिचा आवाज रागावलेला होता. “खुळे तुमी चौगं. चार मानसं येकच मागनं मागतात आनि येकमेकांस्नी सांगत नायत. देवीनं काय करायचं? तुमचं तुमी बोला म्हनाली ती. डावा कौल त्यासाटीच.”

मी नंतर चाळीस वर्षे वकिली केली. मोठमोठ्या न्यायाधीशांचे निकाल वाचले. इतका स्वच्छ निकाल क्वचितच कुठे वाचला.

रामाने अप्पांकडे पाहिले. अप्पांनी रामाकडे. “कोंबडा मात्र द्यावा लागंल,” रामा हळूच म्हणाला. “देवीचं मन राखायला.”

“देऊ. खर्च चौघांत.”

“मी नारळाचे देईन,” आत्या घाईने म्हणाल्या. “कोंबड्यातला माझा वाटा जावईबापूंच्या नावे लावा. ते सुधारक आहेत.”

अप्पा पडवीत चढले आणि चटईवर बसले. “जावईबापू, मसुदा लिहा.”

“इथे? तालुक्याहून मुद्रांकाचा कागद आणून, घरी शांतपणे...”

“घरी पोचेपर्यंत माझी छाती पुन्हा जाईल. आत्ता लिहा. पक्का मागाहून करा.”

मी मांडी घालून दौत उघडली. अप्पा सांगू लागले. खरेदीखताचे मायने त्यांना तोंडपाठ होते. त्यांच्या बापाने आणि आज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनींची खते घेतली होती. लिहून देणार अंताजी महादेव घैसास, खोत मौजे मुरवणे. बागेच्या चतुःसीमा: पूर्वेस लिहून देणाराची वरची बाग, पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस ओहोळ, उत्तरेस गावाची वाट. पोफळी तीनशे चाळीस, माड एकवीस. झाडांचे आकडे सांगताना त्यांनी बागेच्या दिशेला पाहिले, तेव्हा रामाने मान खाली घातली.

“लिहून घेणार,” मी म्हणालो आणि लेखणी टेकवून थांबलो.

“लिहून घेणार, राम्या...” अप्पा म्हणाले आणि थबकले.

मी वाट पाहिली. अप्पांनी आत्यांकडे पाहिले. आत्यांनी पडवीच्या कौलांकडे पाहिले. अप्पांना बागेतली प्रत्येक पोफळ कोणत्या साली लावली ते सांगता येत होते. पुढे काय लिहायचे ते त्यांना ठाऊक नव्हते. ते मलाही ठाऊक नव्हते, आणि तीन दिवस मी त्या माणसाच्या मागे खरेदीसाठी धावत होतो.

अप्पांची मान हळूहळू लाल झाली. त्यांनी पगडी काढून मांडीवर घेतली. मग रामाकडे तोंड करून ते म्हणाले, “तुमचं... तुमचं पूर्ण नाव सांगा.”

रामाने मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते.

“अवो, तुमालाच इचारतायत,” रखमा दाराआडून म्हणाली.

तो खांबाचा हात सोडून उभा राहिला. आत वळलेले पाय त्याने होतील तेवढे सरळ केले. “रामचंद्र,” तो म्हणाला आणि थांबला. आपल्याच आवाजातले ते नाव त्याला अनोळखी वाटले असावे. “रामचंद्र विठोजी मयेकर.”

मी ते लिहिले, ओल्या शाईवर वाळू टाकली आणि कागद अप्पांपुढे धरला. त्यांनी ती ओळ बोटाने चाचपत वाचली. दोनदा वाचली.

“जावईबापू,” ते म्हणाले, “आधी ‘राजश्री’ राहिलं.”

ओळीत जागा उरली नव्हती. मी ते वर, बारीक अक्षरांत, घातले.